मांडवातला पगार

९ मे, शुक्रवार

नऊ लाख!

गौरवीने जेवताना आकडा सांगितला. सांगितला कसला, ताटाच्या कडेला लोणचं ठेवावं तसा ठेवला. चार वर्षांची फी, हॉस्टेल, मेस, लॅपटॉप. कॉलेज मडगावच्या पलीकडे, खाजगी. सरकारी कॉलेजात तिच्या मार्कांना कॉम्प्युटरची जागा मिळणार नाही, हेही तिनेच आधी सांगून टाकलं. गिऱ्हाईकाने विचारायच्या आत मालातलं उणं आपणच बोलून मोकळं व्हायचं — हे माझ्याकडून उचललंय!

मी विचारलं, "आणि इंजिनियर होऊन मिळणार किती?"

"ते अवलंबून असतं, बाबा."

"मी मांडव घालताना सांगतो का, उभा राहील की नाही ते वाऱ्यावर अवलंबून?"

तिची आई शालिनी हसली. गौरवी नाही हसली.

पैसे नाहीत असं नव्हे. आहेत. पण ते दुसरीकडे बोलून ठेवलेत — हँगरला. जर्मन हँगर! अॅल्युमिनियमचा सांगाडा, मध्ये एक खांब नाही, वरून आभाळ कोसळलं तरी खाली वरमाईच्या साडीवर थेंब नाही. आख्ख्या डिचोलीत कुणाकडे नाही. म्हापशाच्या गोकुळदासकडे आज बाजाराच्या गर्दीतून मुद्दाम जाऊन आलो. म्हणाला, "सगुणबाब, दहा जूनपर्यंत आगाऊ रक्कम टाका, तुळशीच्या लग्नाआधी माल तुमच्या दारात, सर्वणला."

कॉलेजच्या फीची मुदत? तीसुद्धा दहा जून. देवाची पण गंमत बघा!

११ मे, रविवार

लाटंबार्सेला लग्न. मांडव आमचा, खुर्च्या आमच्या, भांडी आमची. नवरा-नवरी तेवढी त्यांची.

मांडववाल्यासारखे कान दुसऱ्या कुणाला नाहीत. मी शिडीवर चढून झालर बांधत असलो की खालच्या माणसांना वाटतं, वर माकड बसलंय. काय वाटेल ते बोलतात. आज नवऱ्याचा बाप व्याह्याला सांगत होता, "बारा लाखांचं पॅकेज आहे झिलाला." व्याही असा खुलला की मला वाटलं आता लाईट लावायची गरज नाही.

आणि हाच गृहस्थ शिगम्यात देवस्थानच्या वर्गणीला गेलो तेव्हा माझ्या तोंडावर काय म्हणाला? "काय सांगू सगुणबाब, पोरगं शिकलं, पण बेंगलोरात भाडं भरून हाताक काय गावता?" पाचशेची पावती फाडायला लावली नि तीही उधार!

म्हणजे इंजिनियरला दोन पगार असतात. एक मांडवातला, एक वर्गणीतला. खरा कुठेतरी मध्ये. तो एकदा हाती लागला की नऊ लाख कुठे टाकायचे ते ठरवता येईल. धंदा म्हणजे शेवटी काय — माल किती वर्षांत सुटतो?

शोध सुरू करतो. उद्यापासूनच!

१४ मे, बुधवार

तीन दिवसांत पाच इंजिनियर हुडकले. ओळखीतले, लग्नाला आलेले, बँकेच्या रांगेत भेटलेले. ज्याला भेटतो त्याच्या बापाची आधी तब्येत विचारतो, मग आंबे कसे झाले ते, मग सहज — "आणि पगार किती गावता रे तुला?"

साईश, औषधांच्या कारखान्यात आहे, तो म्हणाला, "बरा असा." त्याच्या आईला विचारलं तर एकदम दुप्पट बरा. दुसरा एकजण म्हणाला, "सीटीसी सांगू की हातात?" मी म्हटलं, बाबा, मला मासळी बाजारात येणारी नोट सांग. तो लाजला. लाजला म्हणजे कमी असणार.

आमच्या काशिनाथला विचारलं. चंदगडकडचा, माझ्याकडे खांब रोवायला लागून युगं झाली. त्याचा राजेश पुण्याला इंजिनियर. काशिनाथ बांबू खाली ठेवून म्हणाला, "मालक, पगार इचारू नका. मला बी सांगत न्हाई. पर दर म्हयन्याला फोनचं रिचार्ज माझ्याकडनंच मारून घेतोय."

हा आतापर्यंतचा सगळ्यांत भरवशाचा आकडा!

१७ मे, शनिवार

बाबली आज पेडण्याहून आला. बाबली म्हणजे आमच्या लग्नांचा आचारी. खतखतं घोटता घोटता तीन तालुक्यांतल्या बातम्या घोटतो. त्याला म्हटलं, पेडण्यात कुणी इंजिनियर असेल तर सांग. त्याने डोळे बारीक केले. "कसलो होयो? घरचो बरो?"

घर कसलं बघायचंय मला, मनात म्हटलं. पण बोललो, "पगार मुख्य."

"समाजलो," म्हणाला आणि नको तितका गोड हसला.

२० मे, मंगळवार

गाढव! मी गाढव!

सकाळी फोनवर एक पत्रिका येऊन पडली. कुणा देवेशची, पेडण्याचा, कॉम्प्युटर इंजिनियर. दुपारी साईशच्या आईचा फोन. "आमच्या साईशला विचारलंत ते त्याने सांगितलं. आमची ना नाही. मुलगी घरकामाला कशी?" संध्याकाळपर्यंत आणखी एक पत्रिका, फोटोसकट. मुलगा गाडीला टेकून उभा. गाडी दुसऱ्याची — नंबर मी ओळखतो.

आता लक्षात आलं. आपल्याकडे वयात आलेली मुलगी घरात असताना बापाने परक्या पोराला पगार विचारला तर त्याचा अर्थ एकच होतो. जन्म गेला माझा लग्नं उभारण्यात, आणि एवढं माझ्याच डोक्यात आलं नाही!

शालिनीला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "अठरा वर्षांची आहे हो ती!"

"मी मांडवाचा विचार पण केला नव्हता—"

"गप्प बसा. ती ऐकतेय."

ऐकतच होती. दारात उभी. हातात कॉलेजचं माहितीपत्रक. रडत असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "बाबा, नऊ लाखांपेक्षा नवरा स्वस्त पडतो का?"

२१ मे

गौरवी बोलत नाही. पोदेर पाव घेऊन आला, त्याच्याशी बोलली. कुत्र्याशी बोलली.

२२ मे, गुरुवार

सगळ्या पत्रिकावाल्यांना फोन करून गैरसमज निस्तरला. एकेकाला समजावताना घाम फुटला. साईशची आई म्हणाली, "मग पगार कशाला विचारलात?" काय सांगू! म्हटलं, सामान्य ज्ञान.

पेडणेवाल्या देवेशच्या बापाला मात्र सांगता आलं नाही. निवृत्त मास्तर. आवाज असा की आपण बाकावर उभे आहोत असं वाटावं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "रविवारी येतोच आहोत आम्ही."

गौरवीला सांगायला गेलो. वाटलं, आता ताट फेकून मारते. तर म्हणाली, "येऊ दे."

"म्हणजे?"

"तुला इंजिनियरचा खरा पगार हवा ना? तू विचारून कळणार नाही. तू मुलीचा बाप. मी विचारते."

दोन दिवसांनंतर माझ्याशी बोलली ती हे! अभिमान वाटावा की भीती, ते कळेना.

२५ मे, रविवार

आले. मास्तर, त्यांची बायको, देवेश. शालिनीने शंकरपाळ्या, चहा. देवेश उंच, बारीक, मान खाली. त्याची आई सांगत होती, "घरसूनच काम करता. सकाळी दार लावून बसला की मी घरात कोणाक मोठ्यान बोलूक देय नाय. झील मिटिंगेत असा!" मास्तर म्हणाले, "बारा लाख." पुन्हा बारा! सगळ्यांना हा एकच आकडा कुठे वाटतात कोण जाणे.

मग मुलांना बोलायला बाहेर ओट्यावर, बाल्कावात बसवलं. मी मास्तरांना शालिनीच्या हवाली केलं — ती त्यांना तिच्या शेवंतीचे प्रकार दाखवू लागली — आणि आतल्या खोलीतल्या जनेलाशी जाऊन पडदा नीट करू लागलो. पडदा नीटच होता.

गौरवीने आडपडदा ठेवला नाही. "मला लग्न करायचं नाही. इंजिनियरिंगला जायचंय. बाबा म्हणतो, नऊ लाख घालून मिळतं किती? तुम्ही खरं सांगा."

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग पोरगा म्हणाला, "काही नाही."

"म्हणजे?"

"जानेवारीत नोकरी गेली. घरी सांगितलेलं नाही. दार लावतो, लॅपटॉप उघडतो नि बसतो. आई बाहेर सगळ्यांना गप्प करते. तिचा आवाज ऐकला की…" पुढचं मला ऐकू आलं नाही. माझ्या कानांना ऐकू आलं नाही म्हणजे तो बोललाच नसणार.

"आधी किती होता?"

"बाराच्या चौथ्या हिश्शाच्या जवळपास. चांगल्या दिवसांत."

सापडला! खरा पगार सापडला! हँगरचे खांब माझ्या डोळ्यांसमोर उभे राहायला लागले — म्हणजे, त्याला खांब नसतात, पण तरी. नऊ लाख घाला, तीन मिळवा, आणि एक दिवस दार लावून बसा. हिशेब संपला. मी पडदा सोडणार, तेवढ्यात गौरवीने विचारलं, "मग दार लावून दिवसभर करता काय?"

आणि पोराचा आवाज बदलला.

म्हणाला, पेडण्याच्या बसची आई रोज वाट बघते, कधी येते कधी नाही, म्हणून त्याने एक काहीतरी बनवायला घेतलंय. म्हापशाच्या स्टँडवरून कुठली बस सुटली, ती आता कुठे असेल, फोनवर दिसणार. गौरवीने विचारलं, कसं दिसणार? त्याने ताटली पुढे ओढली. शंकरपाळ्या म्हणजे बसगाड्या, बशी म्हणजे म्हापसा, चमचा म्हणजे कोलवाळचा पूल. एक गाडी पुलावर अडकली तर मागच्या कुणाला काय कळवायचं! गौरवी म्हणते, मग ही गाडी इकडून का नाही नेत? तो म्हणतो, अगो, तेच तर! दोघं एकमेकांच्या बोलण्यावर पाय देत बोलतात. चहावर साय धरली. मध्येच गौरवीने एक बस खाऊन टाकली तर तो ओरडला, "ती भरलेली होती!"

हा आवाज मला माहीत आहे. हँगरविषयी बोलताना मी असाच बोलतो. शालिनी कंटाळून आत जाते तरी बोलत राहतो.

जाताना मास्तरांना मी हात जोडून खरं ते सांगितलं: मुलगी शिकणार म्हणते, माझी चूक झाली. ते "हरकत नाही" म्हणाले. पण तोंड असं केलं, जसं काही मी गणितात नापास झालोय. देवेशचं काहीही सांगितलं नाही. ते माझं नव्हे सांगायचं.

रात्री भांडी उचलताना गौरवी म्हणाली, "बाबा, जनेलाच्या बिजागरीला तेल घाल. चरचरतं."

२९ मे, गुरुवार

शालिनी देवीला कौल लावून आली. उजवी पाकळी, म्हणाली. लगेच पडली. म्हणजे होकार.

"देवीला फी सांगितलीस?"

"फी सांगितली. तुमचा हँगर पण सांगितला. त्याला पाकळी हललीच नाही."

देवी बायकांच्या बाजूची आहे हे मला पूर्वीपासून ठाऊक आहे.

१ जून, रविवार

आज गौरवीशी नीट बसलो. मी म्हटलं, "तूच ऐकलंस तो काय म्हणाला. तरी जाणार?"

"तो म्हणाला, कॉलेज नीट बघून घ्या. शिकू नका असं नाही म्हणाला."

"पण नऊ लाख सुटणार कधी?"

तिने माझ्याकडे बघितलं. "बाबा, तू एवढी वर्षं मांडव घालतोस. एका दिवसात लोक आठ-दहा लाख उडवतात तुझ्यासमोर. कधी एकाने तरी विचारलं तुला — हे पैसे परत कधी मिळणार?"



खरंच, कुणी नाही विचारलं. विचारलं असतं तर मी आजही खुर्च्याच वाहत असतो! लोक हिशेब करत नाहीत म्हणून माझं घर चाललं, आणि मी पोरीच्या शिक्षणाला मात्र वजनकाटा घेऊन बसलो.

पण मी पण हरणाऱ्यातला नाही. म्हटलं, "लग्न वेगळं. लग्नाची हौस असते."

"माझ्या लग्नाला किती ठेवलेत तू?"

इथे मी फसलो. छाती फुगवून म्हणालो, "पंधरा! हँगर धरून! डिचोलीने बघितला नसेल असा मांडव घालणार. पहिला हँगर उघडेल तो माझ्या गौरवीच्या लग्नात!"

"मग त्यातले नऊ मला आता दे. उरलेले तुझे."

"आणि लग्न?"

"केलंच तर सहीवर करीन. रजिस्ट्रारकडे जाऊन दोघांनी सही केली की झालं. गोव्यात सगळे मांडवाआधी करतातच ना सही? मी तेवढीच करीन. मांडव नाही."

शालिनी आतून बघत होती. का कोण जाणे, तिचा चेहरा मला वाचता आला नाही.

मी हसलो. "ठरलं!" म्हटलं. हात पुढे केला, तिने मिळवला. मनात म्हटलं — पोरी, बोलण्यात काय जातं? चार वर्षांत मी आणखी पंधरा उभे करतो, तुझा मांडव कसा टळतो तो बघतो. गिऱ्हाईकाला जिंकल्यासारखं वाटू द्यायचं, आणि सौदा आपला!

६ जून, शुक्रवार

म्हापशाला जाऊन गोकुळदासला नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "सगुणबाब, हँगर दर लग्नाक भाडा देतलो. चेडू देतला?"

म्हटलं, "हँगर मला उलट उत्तर देणार नाही, पोरगी देते. तेवढंच नुकसान."

हसून बोललो. पण दुकानाबाहेर त्याचं ते मोठं चित्र लावलंय — दिवे लागलेला, आत झुंबर — त्याच्यासमोर थोडा उभा राहिलो. चिवडा घेऊन घरी आलो.

१० जून, मंगळवार

फी भरली. गौरवीने पावती देवासमोर ठेवली. माझ्या पाया पडली. मग शालिनीच्या. शालिनीच्या जास्त वेळ.

१३ जुलै, रविवार

बाबलीने बातमी आणली. देवेशने घरी सगळं सांगून टाकलं. मास्तर एक दिवस जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः त्याच्यासाठी चहा घेऊन खोलीत गेले. आता पणजीत नोकरी लागलीय.

"पगार किती?" माझ्या तोंडून निघालंच.

"बावीस हजार. तोच सांगता सगळ्यांक. लाजूक नाय."

मे महिन्यापासून शोधतोय, हा पहिला पगार जो मांडवातला पण नाही नि वर्गणीतला पण नाही.

३ ऑगस्ट, रविवार

एका बारशाला ताडपत्री पोचवायला गेलो. तिथे कुणीतरी विचारलं, "तुमची गौरवी कॉम्प्युटरला गेली म्हणे? पुढे पगार किती मिळणार?"

"बारा लाख तरी," मी म्हणालो.

बारा! माझ्या तोंडातून! तिचा अजून एक तास भरला नाही कॉलेजात! शिडीवर काशिनाथ होता. वरून त्याने असं बघितलं, की मी झालरीचा गुंता सोडवायला लागलो.

१७ ऑगस्ट, रविवार

गौरवीला हॉस्टेलवर सोडून आलो. बादली, उशी, शालिनीचे लाडू. फाटकाशी मला म्हणाली, "ठरलं ते ठरलं हां, बाबा. सही. मांडव नाही." मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "बघू नाही. हात मिळवलाय."

तिचे डोळे माझेच आहेत. हे पोर शब्द फिरवणार नाही.

घरी येऊन अंगणात बसलो. शालिनीला म्हटलं, फसलो गं मी. सगळ्या तालुक्याच्या पोरींच्या डोक्यावर मी मांडव घातला, नि माझ्या पोरीचं लग्न नुसतं सहीवर!

ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं कुठे मांडवात झालं? तुमच्याकडे तेव्हा खुर्च्या होत्या, त्यासुद्धा दुसऱ्याच्या. सहीच केली आपण, आणि दोन हार घातले. तिला मीच सांगितलं होतं ते."

मग शेंगांची टरफलं झाडून आत गेली.

या अंगणात मी कधी मांडव घातलेला नाही. आज पहिल्यांदाच दिसलं ते. केवढं मोठं आहे!

१८ ऑगस्ट

सकाळीच काशिनाथला गोदामातून बोलावलं. म्हटलं, शनिवारी गौरवी घरी येतेय, तोवर या अंगणात मांडव घाल. आपल्याकडचा सगळ्यांत चांगला. झालर नवी, दिवे सगळे.

तो आभाळाकडे बघत राहिला. "श्रावणात? एवढ्या पावसात कुणाचं लगीन, मालक?"

म्हटलं, "माझं."